फितींचा परकर वाचताना

साध्या सुती परकरावर सॅटिनच्या रंगीत फितींच्या आडव्या ओळी, हा झाला रिबन स्कर्ट. उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाजांच्या स्त्रिया तो विधींना, सभांना आणि स्मरणयात्रांना घालतात. या वस्त्राच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचा एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हे वस्त्र अनादि काळापासून जसेच्या तसे चालत आलेले नाही. अठराव्या शतकात फरच्या व्यापारातून रेशमी फिती महासरोवरांच्या प्रदेशात पोचल्या. मेनोमिनी, पोटावाटोमी, मेस्क्वाकी या तिथल्या समाजांतील स्त्रियांनी त्या कातरून, दुमडून, एकीवर एक शिवून आपली कला उभी केली. फीत परकी होती, शिवण त्यांची.

पुढे कॅनडाच्या सरकारने 1884 पासून कायद्याने आदिवासींच्या विधींवर बंदी आणत नेली; ती 1951 मध्ये उठली. आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांनी मुलींचे कपडे, केस आणि भाषा काढून घेतली. म्हणून आज आजीने नातीला परकराचा घेर मापायला शिकवणे ही केवळ घरकामाची गोष्ट राहत नाही.

या शिवणकामाला शोकाचीही बाजू आहे. कॅनडाच्या पोलिसांनी 2014 मध्ये दिलेल्या अहवालानुसार आधीच्या काही दशकांत 1,181 आदिवासी स्त्रिया व मुलींचा खून झाला किंवा त्या बेपत्ता झाल्या. मेती या आदिवासी समाजातील जेमी ब्लॅक या कलावतीने 2010 पासून रिकामे लाल पोशाख टांगून ही अनुपस्थिती डोळ्यांपुढे आणली. 5 मे हा या स्त्रिया व मुलींच्या स्मरणाचा दिवस झाला. अशा दिवसांसाठी बायका एकत्र बसून परकर शिवतात. कुणी कापड बेतते, कुणी फितींना इस्त्री करते, कुणी नेफा घालते. हात कामात असले की गेलेल्या एखादीचे एरवी न निघणारे नावही ओठांवर येते.

अभ्यासकाने मात्र घाई करू नये. अमुक रंगाचा अमुक अर्थ, अशी सर्वांना लागू पडणारी यादी नाही. समाजागणिक, घरागणिक शिकवण बदलते. परकर घातलाच पाहिजे का, यावर त्या स्त्रियांमध्येच मतभेद आहेत. संग्रहालयातील चिठ्ठीवर पुष्कळदा कापड आणि माप असते, शिवणारीचे नाव नसते. तेव्हा वाचकहो, समोर परकर आला की आधी विचारा: तो कुणी शिवला आणि कुणासाठी?