स्प्रिंग दमते का?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यासाठी लंडनहून गुपचूप आलेलं ब्राउनिंग पिस्तूल वापरलं होतं. ही घटना आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो. त्या पिस्तुलातल्या स्प्रिंगकडे मात्र आपण विज्ञानाच्या तासालाही पाहत नाही. आज पाहू या.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी पुढे जाते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार वरचा सरकता भाग मागे ढकलला जातो. रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंग दाबली जाते. मग स्प्रिंग तो भाग पुन्हा पुढे आणते. येताना नवं काडतूस नळीत बसतं. म्हणजे दर गोळीला स्प्रिंगची एक फेरी. असं किती फेऱ्यांपर्यंत चालेल?

हूकने १६७८ साली सांगितलं, की स्प्रिंगवर जितकं बल, तितकी तिची लांबी बदलते. पण 'किती वेळा?' याचं उत्तर या नियमात नाही. ते रेल्वेतून मिळालं. १८४२ साली पॅरिसजवळ इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनियरने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एका दमात आस तोडायला जेवढं बल लागतं, त्याहून बरंच कमी बल लाखो वेळा लावलं, तरी आस तुटतो! हाच धातूचा थकवा. बहुधा पृष्ठभागावरच्या बारीकशा ओरखड्यातून भेग सुरू होते आणि दर फेरीला थोडी थोडी वाढते.

म्हणूनच चांगली स्प्रिंग स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली, तर तिचं फारसं बिघडत नाही. तिला दमवतात त्या फेऱ्या. पिस्तुलाची स्प्रिंग बदलताना वर्षांपेक्षा झाडलेल्या गोळ्या मोजतात, त्या यामुळेच.

आता भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडे येऊ. सिहोरा ज्या तुमसर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. १८५६ साली बेसेमरने पोलाद स्वस्तात बनवण्याची रीत काढली, पण ते पोलाद तापवून ठोकताना तडकायचं. मशेटने त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळलं. मँगनीजने गंधक आणि ऑक्सिजनला बांधून टाकलं आणि पोलाद सुधारलं. आजही स्प्रिंगच्या पोलादात मँगनीज असतंच. सिहोऱ्याच्या मुलांना खाण ठाऊक असते. तिचं स्प्रिंगशी असलेलं नातं त्यांना आपणच दाखवायला हवं.

वर्गात एक प्रयोग करा. प्रत्येक मुलाला एक जेम क्लिप द्या. ती सरळ करून एकाच जागी काटकोनात मागेपुढे वाकवायला सांगा आणि तुटेपर्यंत वेळा मोजायला लावा. मग निम्म्या कोनात वाकवून पुन्हा मोजा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडा. एकसारख्या क्लिपांचे आकडेसुद्धा सारखे येणार नाहीत. असं का, यावर चर्चा होऊ द्या. उत्तर सांगायची घाई नको.