प्रफुल्ला डहाणूकर : वास्तव आणि अमूर्ताच्या सीमारेषेवरची चित्रकर्ती

प्रफुल्ला डहाणूकर (१ जानेवारी १९३४ – १ मार्च २०१४) या स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेतील एक महत्त्वाच्या मराठी चित्रकर्ती होत. निसर्गदृश्याचा आधार न सोडता त्यांनी अमूर्त चित्रभाषा घडविली. चित्रकार म्हणून मिळालेल्या ख्यातीइतकीच कलासंस्थांची उभारणी आणि तरुण कलावंतांना दिलेला आधार ही त्यांची ओळख राहिली.

शिक्षण आणि जडणघडण

माहेरच्या प्रफुल्ला जोशी यांचा जन्म गोव्यात झाला. त्या वाढल्या मुंबईत. सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९५५ मध्ये त्यांनी सुवर्णपदकासह पदविका संपादन केली. त्या काळी तेथील शिक्षणाचा पाया व्यक्तिचित्रण, मानवाकृतीचा अभ्यास आणि निसर्गचित्रण असा वास्तववादी होता. मात्र शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक रंगाचा विचार वस्तूपासून वेगळा काढून करावयास शिकवीत. या दोन्ही प्रवाहांचा ठसा पुढे त्यांच्या कामावर उमटला.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. चित्रकार, नाट्यकर्मी आणि संगीतकार तेथे एकाच आवारात काम करीत. एम. एफ. हुसेन आणि वासुदेव गायतोंडे तेथेच चित्रे रंगवीत, तर इब्राहिम अल्काझी नाटकांच्या तालमी घेत. १९६१ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या.

चित्रशैली

गायतोंडे आणि डहाणूकर यांची नावे अनेकदा एकत्र घेतली जातात. दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या. गायतोंडे यांनी आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्याऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे पसंत केले आणि बाह्य जगाची खूण हळूहळू पुसून टाकली. डहाणूकर यांच्या कॅनव्हासवर ती खूण शिल्लक राहते. क्षितिजाचा भास, पाण्यावरचा उजेड, मातीचा किंवा आकाशाचा पट्टा यांपैकी काहीतरी पाहणाऱ्याच्या हाती लागते. पण ते कोणते गाव, कोणता किनारा हे सांगता येत नाही. स्थळ गळून पडते, त्याची मनावर राहिलेली छटा उरते. म्हणूनच त्यांच्या चित्रांना ‘मनोदृश्ये’ असे म्हटले गेले.

हिंदुस्थानी संगीताची त्यांना ओढ होती. एका स्वराभोवती आलाप फुलत जावा, तसा त्यांच्या चित्रात एका प्रमुख रंगाचा विस्तार होतो. तैलरंगांखेरीज सिरॅमिक, काच व लाकूड या माध्यमांत त्यांनी भित्तिचित्रेही केली.

संस्थात्मक कार्य

बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्टिस्ट्स सेंटर आणि जहांगीर कलादालन या मुंबईच्या कलाजीवनातील प्रमुख संस्थांच्या कारभारात त्यांनी दीर्घकाळ भाग घेतला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आणि ‘मत्स्यगंधा’, ‘नटसम्राट’ यांसारखी नाटके रंगभूमीवर आणणाऱ्या ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’शीही त्यांचा निकटचा संबंध होता. लहान गावातून आलेल्या नवोदिताला मुंबईत कलादालन मिळविणे, पहिला ग्राहक गाठणे किती कठीण असते, याची त्यांना जाण होती. अशा अनेकांच्या मागे त्या उभ्या राहिल्या.

मूल्यमापन

या लोकसंग्रहाची दुसरी बाजूही आहे. संस्थांना दिलेला वेळ शेवटी स्टुडिओतूनच येतो, आणि ‘कलावंतांचा आधार’ ही प्रतिमा ठळक झाली की चित्रांची चिकित्सा मागे पडते. २०१३ मध्ये गायतोंडे यांच्या एका चित्राला मुंबईतील लिलावात २३ कोटींहून अधिक किंमत मिळाली, तर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याच वर्षी मुंबईत डहाणूकर यांचे निधन झाले. बाजाराच्या या झोतात त्यांचे नाव पुष्कळदा समकालीन सहकारी एवढ्यापुरतेच येते. वास्तव न नाकारता अमूर्ताकडे जाण्याचा त्यांचा मार्ग स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

त्यांच्या नावाने कार्यरत असलेले प्रफुल्ला डहाणूकर आर्ट फाउंडेशन ‘कलानंद’ या स्पर्धेद्वारे देशभरातील कलावंतांचा गौरव करते. त्यांच्या कार्याचा एक धागा अशा रीतीने पुढे चालू आहे. दुसरा धागा, म्हणजे त्यांची चित्रे, जाणकार नजरेची वाट पाहत आहे.