व्यापाऱ्यांचे गाव फ्लॉरेन्स



इटलीतल्या फ्लॉरेन्सला मे महिन्यात एका गटाबरोबर आठ दिवस राहून आले. कला आणि वास्तुकला समजावून सांगणारी सहल होती. रोज सकाळी गाइडबाई गळ्यात लहानसा माइक अडकवून पुढे आणि आम्ही कानाला यंत्र लावून मागे. त्यांनी चित्रांबद्दल पुष्कळ सांगितले. माझ्या मनात मात्र त्या गावाचा जमाखर्च ठसला. कॉमर्सचे शिक्षण कुठेतरी डोके वर काढतेच!

आपण फ्लॉरेन्सला चित्रकारांचे गाव म्हणतो. खरे तर ते व्यापाऱ्यांचे गाव. लोकर आणायची, विणायची, रंगवायची, विकायची आणि त्या पैशावर पेढी चालवायची. १२५२ साली त्यांनी सोन्याचे फ्लोरिन नाणे पाडले. साधारण साडेतीन ग्रॅम शुद्ध सोने. ते युरोपभर चालू लागले. गावात व्यापारी आणि कारागिरांचे एकवीस संघ होते, सात मोठे आणि चौदा लहान. आपल्या जुन्या शिलालेखांत ‘श्रेणी’ म्हणतात तसेच. देवळांची कामेही या संघांकडे वाटून दिलेली. बाप्तिस्म्याच्या अष्टकोनी देवळाची जबाबदारी परदेशी कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडे, तर मोठ्या कॅथेड्रलची लोकरवाल्यांकडे. कॅथेड्रलचा तो प्रसिद्ध घुमट म्हणजे एका अर्थी लोकर बाजाराचे बांधकाम.

त्या घुमटाची गोष्ट थोडक्यात सांगते. कॅथेड्रलचे काम १२९६ मध्ये सुरू झाले, पण घुमटाची जागा कित्येक वर्षे उघडीच राहिली. एवढ्या रुंद जागेवर लाकडी आधार उभारायचा कसा हेच कोणाला कळेना. मुळात सोनारकाम शिकलेल्या ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधार न देता तो बांधून दाखवला. एकात एक असे दोन घुमट आहेत आणि विटा तिरप्या, एकमेकींत अडकतील अशा लावल्या आहेत. मला आवडले ते त्याचे सामान वर चढवायचे यंत्र. बैल एकाच दिशेने फिरत राहायचे. ओझे वर न्यायचे की खाली आणायचे हे दातेरी चाक बदलून ठरायचे. प्रत्येक खेपेला बैलांना सोडून उलटे जुंपावे लागत नसे. (४६३ पायऱ्या मी चढले नाही. आमचे हे चढले आणि दोन दिवस गुडघे चोळत बसले.)

आता वह्यांकडे येते. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात फ्रान्चेस्को दातिनी नावाचा व्यापारी होऊन गेला. तो १४१० मध्ये वारला. त्याच्या खातेवह्या आणि लाखाहून अधिक पत्रे आजही जपून ठेवली आहेत. वहीच्या आरंभी तो देवाचे नाव आणि नफा एकाच ओळीत लिहायचा. हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या इंग्रज बायका हसल्या. मला काही हसू आले नाही. दिवाळीला आपणही पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितोच की. त्याची बायको मार्गारिता तिशीच्या आसपास लिहायला शिकली आणि नवऱ्याला स्वतःच्या हाताने पत्रे पाठवू लागली. तिला मूल नव्हते. नवऱ्याला घरच्या दासीपासून झालेली मुलगी तिने आपल्या घरात वाढवली. या दातिनीला ध्यानात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

त्यांची अडचण अशी की त्यांच्या धर्मात व्याज घेणे पाप, आणि पेढी व्याजाशिवाय चालत नाही. मग मार्ग काढला तो हुंडीचा. इथे पैसे द्यायचे, लंडनला किंवा ब्रूजला तिथल्या नाण्यात परत घ्यायचे. दोन नाण्यांच्या भावातल्या फरकात व्याज बेमालूम लपायचे. मेदिची घराण्याने १३९७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पेढी घातली ती याच धंद्यावर मोठी झाली. पण वहीत लपवलेले मनात लपत नसावे. जोव्हानी मेदिचीचा मुलगा कोझिमो याला आपल्या कमाईतला काही पैसा बरोबर मार्गाने आलेला नाही याची टोचणी लागली होती. त्याने पोपला विचारले आणि पोपने त्याला मठाच्या बांधकामावर दहा हजार फ्लोरिन खर्च करायला सांगितले, असे त्याच्या ओळखीच्या वेस्पासियानो या पुस्तकविक्याने लिहून ठेवले आहे. कोझिमोने त्याहून पुष्कळ जास्त खर्च केला. तोच सान मार्को मठ. साधूंच्या चव्वेचाळीस लहान खोल्या, आणि बहुतेकींच्या भिंतीवर फ्रा अँजेलिकोने काढलेले एकेक शांत चित्र. कोझिमोने स्वतःसाठीही तिथे एक खोली ठेवली होती. इतरांपेक्षा मोठी, अर्थात.

पुढे त्याचा नातू लोरेंझो याने हिशेब मांडला. १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने दानधर्म, बांधकामे आणि कर यांवर ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. त्याबद्दल खंत नाही, कारण त्यामुळे आपली शान वाढली, असा त्याचा सूर आहे. मला ही नोंद फार बोलकी वाटली. दान आणि कर एकाच खात्यात, आणि शिल्लक काय तर शान! मेदिचींचे गोळ्यांचे चिन्ह गावात जिकडेतिकडे दिसते. बघताना आपल्या धर्मशाळेतले पंखे आठवत होते. पाती कमी आणि दात्याचे नाव जास्त.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाच्या पस्तीस गुणांत पहिला गुण न्यायाने मिळवलेले धन हा सांगितला आहे. दान नंतर येते. आधी पैसा कुठून आला ते पाहायचे. कोझिमोला ही गोष्ट आतून कळत होती असे मला वाटते, लोरेंझोला ती विसरायला झाली. आणि श्रवणबेळगोळची गुळ्ळकायज्जी आठवा. चावुंडरायाने घागरीमागून घागरी दूध ओतले तरी भगवंतांचा अभिषेक पुरा होईना आणि त्या म्हातारीच्या एवढ्याशा वाटीतले दूध पायापर्यंत पोचले, अशी आपल्याकडची कथा. तिची मूर्ती आजही भगवंतांसमोर उभी आहे. मूर्ती घडवणाऱ्याचा अहंकार घडवणाऱ्यानेच दगडात लिहून ठेवावा, असे फ्लॉरेन्समध्ये कुठे दिसले नाही.

बाहुबलींचा विषय निघालाच आहे तर डेव्हिडबद्दल लिहिते. मायकेलअँजेलोने तो १५०१ ते १५०४ मध्ये घडवला, सुमारे सतरा फूट उंच, एकाच संगमरवराचा. तो दगड आधीच्या दोघा शिल्पकारांनी अर्धवट टाकून दिलेला होता. आमच्यातल्या काही भारतीय बायका पुतळ्यासमोर संकोचून मान वळवत होत्या. मला काहीच वाटले नाही. लहानपणापासून ज्यांच्यासमोर हात जोडले ते दिगंबरच. पण फरक डोळ्यांत आहे. डेव्हिड लढाईच्या आधीचा आहे. कपाळाला आठी, हाताच्या शिरा फुगलेल्या, नजर शत्रूवर. बाहुबली लढाईनंतरचे आहेत. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध तिन्ही जिंकून, हातात आलेले राज्य सोडून उभे राहिलेले. डेव्हिडच्या पाचशे वर्षे आधी, इ. स. ९८१ च्या सुमारास, सत्तावन्न फूट उंच ग्रॅनाइटमधून कोरलेले, आणि चेहऱ्यावर एक रेघ नाही. डेव्हिड बघून मी थक्क झाले, हे कबूल. पण त्याच्यासमोर उभे राहून मन शांत होत नाही. ते शिल्पकारालाही नको होते.

तुम्ही विचारणारच म्हणून खाण्याचे सांगून टाकते. तिकडे मे महिन्यात सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे रात्रीभोजनाचा प्रश्न आला नाही. टोमॅटो आणि पावाचा एक घट्ट पदार्थ मिळतो, कांदा-लसूण नको म्हणून आधी सांगावे लागते. पार्मेझान चीज घेऊ नका, त्यात वासराच्या जठरातले रेनेट असते. चामड्याच्या बाजारातून मी नाक धरून गेले.

आता शेवटची जागा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: टाकून दिलेल्या बाळांचे घर, ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’, म्हणजे निष्पापांचे घर. त्याच ब्रुनेलेस्कीने १४१९ पासून ते बांधायला घेतले. खर्च रेशीमवाल्यांच्या संघाचा, आणि सुरुवातीचे एक हजार फ्लोरिन मृत्युपत्रातून दिले होते त्या दातिनीने. समोर बारीक खांबांची लांब ओसरी आहे. कमानींच्या मधे निळ्या गोलात गुंडाळलेली मातीची पांढरी बाळे आहेत, ती नंतर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने केली. १४४५ च्या फेब्रुवारीत पहिले बाळ आले. मुलगी होती. तिचे नाव आगाता ठेवले.

पुढेही मुलीच जास्त आल्या. हुंडा तिकडेही होता. सुरुवातीच्या वर्षांत आलेल्यांपैकी बरीच मुले श्रीमंत घरांतल्या दासींची होती. म्हणजे घर बांधणारे व्यापारी आणि ज्यांच्या घरातून बाळे येत ते व्यापारी, एकाच गल्लीतले. रेशमाच्या पैशाचे मला तसेही वावडे आहे. लाखो कोशांची हिंसा आहे त्यात. आणि त्याच पैशाने ही बाळे जगली. हा हिशेब मी परतीच्या विमानातही मांडत होते. जमा आणि नावे दोन्ही बाजू काही जुळल्या नाहीत.

सगळी बाळे जगली असेही नाही. पुष्कळ गेली. पण प्रत्येकाची नोंद आहे: कोणत्या दिवशी आले, अंगावर काय होते, कोणत्या दाईकडे पाठवले, तिला किती दिले. मुलींना रेशमाचे काम शिकवायचे, लग्नाला हुंडा द्यायचा. बाळ ठेवायला आधी ओसरीत दगडी कुंड होते, पुढे जाळीची खिडकी झाली. ती १८७५ मध्ये बंद केली. बाळांसाठी काम मात्र आजही तिथे चालते, आणि युनिसेफचे एक संशोधन केंद्रही त्याच इमारतीत आले.

संग्रहालयात एका भिंतीत लहान लहान खण आहेत. खण ओढला की आत बाळाच्या कपड्यात सापडलेली वस्तू दिसते. अर्धे नाणे, तोडलेले पदक, मण्यांची माळ, रिबिनीचा तुकडा. दुसरा अर्धा भाग आई जवळ ठेवायची, दिवस पालटले तर तो दाखवून मूल परत न्यायला. गाइडबाई त्या खोलीत माइक बंद करून बाजूला उभ्या राहिल्या. मी नऊ-दहा खण उघडले. सगळे अर्धेच होते.