पिंजऱ्याचे माप

शर्यतीची मोटार म्हटली की लोकांची नजर तिच्या एंजिनाकडे जाते. आम्हां चळवळीतल्या माणसांची नजर जाते ती चालकाभोवती उभ्या केलेल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याकडे, म्हणजे रोल केजकडे. मोटार उलटली असता छत चेपू नये आणि आतला माणूस चिरडू नये, एवढेच त्याचे काम. परंतु हे साधे काम नियमात यावयास किती काळ लागला, आणि नियमात आल्यावरही ते किती वाटांनी निसटते, हा इतिहास कोणाही कष्टकऱ्याने ऐकावा असा आहे.

एके काळी शर्यतवाल्यांची अशी समजूत होती की, अपघातात बाहेर फेकले जाणेच बरे. आत अडकला तो जळाला. पुढे अमेरिकेत नॅसकारच्या शर्यतींत मोटारीत कमानी असाव्यात असा दंडक आला. १९५२ साली डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावरची एक शर्यत टिम फ्लॉक याने जिंकली. पण तपासणीत त्याच्या मोटारीतील कमानी लाकडाच्या निघाल्या आणि विजय रद्द झाला. लोक या गोष्टीला हसतात. आम्हांला हसू येत नाही. तपासनीस येण्याच्या दिवसापुरती यंत्रावर चढणारी जाळी आम्ही कारखान्यांतून पाहिली आहे. संरक्षणाचे नाव आणि संरक्षण या दोन वस्तू भिन्न आहेत.

युरोपात फॉर्म्युला वनच्या मोटारींना चालकामागे कमान सक्तीची झाली १९६१ साली. पण चालकाला आसनाशी बांधून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला १९७२ साली! मधली अकरा वर्षे डोक्यावर छत्र होते, पण डोके त्या छत्राखाली राहील याची हमी नव्हती. अर्धे संरक्षण ते हेच.

त्याच १९६१ साली चालकांनी आपली संघटना स्थापन केली. १९६६ साली बेल्जमच्या स्पा येथे जॅकी स्टुअर्ट मोडक्या मोटारीत पेट्रोलने भिजून अडकला. त्याला सोडविण्यासाठी सोबतच्या चालकांना प्रेक्षकाचा पाना मागून आणावा लागला. १९६९ साली चालकांनी स्पा येथे धावण्याचेच नाकारले. १९७० साली जर्मनीतील शर्यत त्यांच्या हट्टामुळे न्यूरबुर्गरिंगवरून हॉकेनहाइमला हलली. त्यांची मागणी कमानींची नसून मुख्यतः रस्त्याकडेच्या कठड्यांची होती; पण ज्याची मान धोक्यात, त्यानेच बोलावे लागते, हा धडा एकच.

आता पिंजरा निवडावयाचा तो कसा? आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमात याचे उत्तर शब्दांत नव्हे, मापांत आहे. नळी थंड ओढीव व बिनसांध्याची हवी. मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची व २ जाडीची. इतर नळ्या ३८ वर २.५ किंवा ४० वर २. पिंजरा बोल्टांनी बसविला तर प्रत्येक पायाला ८ मिलिमीटरचे निदान तीन बोल्ट, आणि खाली ३ मिलिमीटर जाडीचा, १२० चौरस सेंटिमीटरचा पत्रा. कारण नळी कितीही दणकट असली तरी ती पातळ तळपत्र्यावर टेकली असेल, तर उलटताना ती तळ फोडून जाईल. वेल्डिंगने जोडलेला पिंजरा मोटारीच्या सांगाड्याशी एकजीव होतो, म्हणून अधिक ताठ असतो. पण त्याची किंमत वेल्डरच्या हाताइतकीच. आणखी एक गोष्ट : शिरस्त्राणाविना रोजच्या रस्त्यावर हाच पिंजरा घातक आहे, साध्या धडकेत उघडे कपाळ पोलादावर आपटते.

मापे ठरली म्हणजे संपले, असेही नव्हे. ३ जुलै २०२२ रोजी सिल्व्हरस्टोन येथे झोऊ ग्वान्यू याची मोटार उलटी होऊन घसरत गेली. तिची कमान चाचणीत उतरलेली होती, तरी मोडली. त्याला तारले ते २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या पुढच्या 'हेलो' कड्याने. पुढील वर्षासाठी कमानीचे नियम कडक करण्यात आले.

तेव्हा पिंजरा घेणाऱ्याने रंग आणि किंमत मागाहून विचारावी. आधी विचारावे : नळी कोणती, जाडी किती, पाय कशावर टेकले आहेत, सांधा कोणी जोडला, आणि पट्टा कुठे आहे? हेच प्रश्न कामगाराने आपल्या यंत्रावरील प्रत्येक जाळीबद्दल विचारावेत. उत्तर मापात मिळाले तर ते संरक्षण. नुसत्या शब्दांत मिळाले तर ते लाकूडच समजावे.