गालीबोरची नोंदवही आणि लोणावळ्याचा मासा

कर्नाटकात कावेरीच्या काठी गालीबोर नावाचा एक तळ आहे. पैसे भरून तेथे उतरायचे, वाटाड्याबरोबर गोल डोंगीतून नदीत जायचे, नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा गळाला लावून महसीर पकडायचा, त्याचे वजन करायचे आणि तो जिवंत परत पाण्यात सोडायचा, असा तेथील रिवाज होता. कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले आणि प्रत्येकाचे वजन किती भरले, याची नोंद तळावरच्या वहीत होत असे. 1998 ते 2012 या काळातील नोंदींची पुढे बेरीज झाली, तेव्हा ती 23,620 तास आणि 6,161 मासे इतकी निघाली. सर्वांत लहान मासा एक पौंडाचा, सर्वांत मोठा 104 पौंडांचा. शास्त्रीय हेतू मनात न ठेवता लिहिली गेलेली ही वही भारतातील गोड्या पाण्याच्या माशांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरली. तिचा एक धागा आपल्या पुण्या-लोणावळ्यापर्यंत येतो, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आधी त्या नदीविषयी आणि तिच्यातील माशाविषयी. कावेरीच्या खोऱ्यात एक प्रचंड महसीर राहतो. डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, म्हणून त्याला कुबडा महसीर म्हणतात. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली भारतातील गळमासेमारीवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आणि त्यातून हा मासा जगभरच्या हौशी मासेमारांना माहीत झाला. 1946 साली कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा महसीर पकडला. स्वातंत्र्यानंतर साहेबांची ही हौस ओसरली आणि मासाही संपला असे समजले जाऊ लागले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून काही तरुण शोध घेत आले आणि कावेरीत त्यांना तो पुन्हा सापडला. त्यानंतर भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालीबोर येथे तळ उभे राहिले. सुरुंगाचे बार उडवून मासे मारणाऱ्यांपैकी काहीजण तेथेच वाटाडे आणि राखणदार म्हणून कामाला लागले. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा अधिक पैसे मिळवून देतो, हा हिशेब त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावा लागला नाही.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. हौशी मासेमाराने सांगितलेल्या आकड्याकडे संशयाने पाहायची मला सवय आहे, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर लाँग की येथे मासेमारीचा एक प्रसिद्ध तळ होता. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर आज भाड्याच्या बोटीतून हौशी मासेमारीचा जो मोठा व्यवसाय चालतो, त्याच्या आरंभीच्या ठिकाणांपैकी हे एक. 1935 च्या चक्रीवादळात तो तळ वाहून गेला, पण तेथे घेतलेली म्हणून सांगितली जाणारी एक मोजणी मात्र टिकली. गळाला लागलेल्या सेलफिशने तीन सेकंदांत 100 यार्ड दोरी ओढून नेली. यावरून वेग निघतो सेकंदाला 30 मीटर, म्हणजे तासाला सुमारे 109 किलोमीटर. सेलफिश हा जगातील सर्वांत वेगवान मासा, हे वाक्य तेव्हापासून बालविश्वकोशांत आणि प्रश्नमंजूषांत ठाण मांडून बसले.

दोरी किती सुटली यावरून मासा किती पळाला हे कळते का? रायपूरच्या गोल बाजारातून आणलेली पतंगाची चरखी, जिला नागपूरकर चक्री म्हणतात, हातात धरून पाहा. पतंगाने एकदा जोरात ओढ घेतली की चरखी स्वतःच्या जडत्वाने फिरत राहते. मांजा सुटतो, त्याला झोळ पडतो, आणि पतंग मात्र तेवढा दूर गेलेला नसतो. माशाच्या बाबतीत यात बोटीचा वेग मिळवा, शिवाय सेलफिश पाण्याबाहेर उड्या घेतो हेही लक्षात घ्या. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नायूच्या आकुंचनाला लागणाऱ्या काळावरून सेलफिशचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 8.3 मीटर निघाला. दंतकथेतील वेग त्याच्या साडेतीनपटींहून अधिक आहे. तो गाठायचा तर शक्ती सुमारे 47 पट हवी. त्याआधी 2008 साली इओसिलेव्स्की आणि वाइस यांनी दाखवून दिले होते की सेकंदाला 10 ते 15 मीटरच्या पलीकडे शेपटीभोवतीच्या पाण्यात बाष्पाचे बुडबुडे निर्माण होऊ लागतात आणि ते फुटताना शेपटीलाच इजा करतात. एका दोरीवर आणि एका घड्याळावर उभा राहिलेला आकडा शंभर वर्षे टिकला, कारण तो सांगायला मजा येत होती.

मात्र यावरून हौशी मासेमारांची प्रत्येक नोंद बाजूला सारणे हा उलट्या दिशेचा आळस होईल. 1954 साली अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या फ्रँक मॅथर यांनी अशा मासेमारांच्या हाती खुणेच्या चकत्या दिल्या. पकडलेल्या माशाला चकती टोचायची, त्याला सोडायचे आणि जागा व तारीख कळवायची, एवढेच काम होते. त्या वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यावर खूण केलेले ट्यूना 1959 साली थेट बिस्केच्या उपसागरात सापडले, आणि हा मासा अटलांटिक ओलांडतो याचा पुरावा हाती आला. येथे मासेमाराकडून अंदाज मागितला नव्हता, मोजणी मागितली होती. फरक तेवढाच, पण सगळे त्यावरच अवलंबून.

गालीबोरची वही या दुसऱ्या जातीची. प्रयोगशाळेत किरणोत्साराचे कण मोजताना आपण एकूण संख्येला काळाने भागतो. तसेच येथे माशांना तासांनी भागायचे. सरासरी सुमारे चार तासांना एक मासा येतो. गळ हा काही आदर्श शोधक नव्हे. मोठा गोळा लहान मासा गिळत नाही, आणि माणूस मोठ्या माशाच्या मागे लागतो. परंतु पंधरा वर्षे तोच नदीचा पट्टा, तेच आमिष आणि साधारण तीच पद्धत असेल, तर शोधकाचा दोषही बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि काळानुसार होणारा बदल वाचता येतो.

बोर्नमथ विद्यापीठातील एड्रियन पिंडर आणि रॉबर्ट ब्रिटन व केरळचे राजीव राघवन यांनी तो वाचला. वरवर चित्र सुखद होते. तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि सरासरी वजन घटत होते, म्हणजे लहान वयाचे मासे भरपूर येत होते. नदीची राखण फळाला आली, असे कोणीही म्हणाले असते. पण नोंदींत माशाचे रूपही कळत होते, त्यामुळे दोन प्रकार वेगळे करता आले. एक कुबडा, तर दुसरा निळसर परांचा. वाढ झाली होती ती दुसऱ्याची. कुबडा वर्षागणिक विरळ होत गेला होता आणि त्याची लहान पिले गळाला लागेनाशी झाली होती. जे लागत ते वय झालेले, मोठे. बेरजेची रेषा वर चढत होती आणि तिच्या पोटात एक जात नाहीशी होत होती.

निळ्या परांचा मासा कावेरीचा नव्हता. तो आपला होता.

1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारा विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी होता. माणसे, पिके, पर्जन्यमान, पक्षी असे दिसेल ते मोजावे आणि नोंदवावे, असा त्याचा स्वभाव. 1839 साली त्याने दख्खनच्या माशांवरील निबंधात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या एका महसीराचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. आजचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. आपल्याकडे यालाच खडशी म्हणतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वैतरणेवरील तिळसे येथे देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले महसीर अनेकांनी पाहिले असतील.

हा मासा पावसाळ्यात प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतो आणि अंडी घालतो. घाटमाथ्यावर धरणे झाली, पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडले जाऊ लागले आणि 1915 पासून खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. तळ्यांत अडकलेल्या माशाची वाट मात्र खुंटली. 1970 च्या सुमारास टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्याच्या वळवण तळ्याकाठी महसीराची कृत्रिम पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या अंड्यांचा आणि पिलांच्या आरंभीच्या वाढीचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि एस. एन. ओगले यांच्यासह पैदाशीचे तंत्र बसवले. अंडी जड असतात, तळाशी बसतात. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळली तर पाण्याविना दूरवर पाठवता येतात, ही त्यांतील सर्वांत सुंदर युक्ती. जेथे पाण्याने भरलेल्या पिशव्या नेणे अवघड, तेथे कापसाची पेटी गेली. त्या काळात देशात इतर कोठे एवढ्या सातत्याने गोड्या पाण्यातील वन्य माशासाठी काम झाल्याचे उदाहरण काढायला बसावे लागेल.

ही पिले राज्याराज्यांत वाटली गेली आणि त्यांतील काही कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता: महसीर कमी होत आहेत, महसीर सोडूया. चूक ‘महसीर’ या एका शब्दात होती. तो शब्द अनेक जातींना मिळून वापरला जातो. नद्यांची खोरी लाखो वर्षे एकमेकांपासून वेगळी राहतात आणि प्रत्येकीत वेगळा मासा घडतो. कृष्णेच्या खोऱ्यातील मासा कावेरीत सोडणे म्हणजे नदीला मासा परत देणे नव्हे. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी कुबड्याला आधीच जेरीस आणले होते. आता त्याच्या घरात अधिक चिवट पाहुणा येऊन राहिला.

याहून मोठी अडचण अशी की कुबड्याला तेव्हा धड शास्त्रीय नावही नव्हते. साइक्सनेच वर्णिलेल्या ‘मुसल्ला’ नावाच्या दुसऱ्या एका माशाचे नाव त्याला चुकीने चिकटले होते. ते नाव मुळात वेगळ्याच प्रजातीच्या माशाचे आहे, हे 2013 साली स्पष्ट झाले. नाव नसलेल्या जीवाची लाल यादीत गणना होत नाही आणि त्याच्या रक्षणासाठी कायद्यात ओळही लिहिता येत नाही. अखेर तामिळनाडूतील मोयार नदीत मिळालेल्या मोजक्या माशांची शरीररचना व जनुके तपासली गेली. केरळातील पांबार या कावेरीच्याच खोऱ्यातील लहानशा नदीतून काही वर्षांपूर्वी वर्णिलेला टॉर रेमादेवी म्हणजेच हा कुबडा, असा निष्कर्ष जून 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याची नोंद ‘अति संकटग्रस्त’ या वर्गात झाली. आपला खुद्री मात्र त्याच यादीत आज ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. लोणावळ्याच्या कामाचे हे यश खरे आहे आणि कावेरीतील हानीही खरी आहे. यांपैकी एक सांगून दुसरे झाकणारे लेख दोन्ही बाजूंनी लिहिले जातात. मला ते सारखेच अपुरे वाटतात.

गालीबोरच्या वहीत 2012 नंतर भर पडली नाही. हे तळ कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतात. अभयारण्यात शिकारीला बंदी आहे, आणि मासा परत सोडला तरी गळ टाकणे ही शिकारच, असा 1972 च्या कायद्याचा अर्थ लावला गेला. जिवंत प्राण्याच्या तोंडात खेळासाठी आकडा अडकवावा का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि बंदीमागचा विचार मला समजतो. पण बंदी घालणाऱ्यांनी मोजणीची दुसरी सोय केली नाही. ज्या वर्षी कुबडा सर्वांत विरळ झाला होता, त्याच सुमारास त्याच्यावर रोखलेला एकमेव डोळा मिटला.

रायपूरहून हे लिहिताना मनात येते ती महानदी. गोल बाजारापासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे, पण खारुन शहराला लागून वाहते, शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. 1953 साली ए. डेव्हिड यांनी या नदीतील महसीराचे ‘महानदिकस’ या नावाने वर्णन केले. 1957 साली हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले. हा मासा स्वतंत्र प्रकार आहे की दुसऱ्याच एखाद्या महसीराचे रूप, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. त्याच्यासाठी गालीबोरसारखी वही कधी कोणी ठेवली नाही. महसीराची पिले तयार करण्याचे तंत्र मात्र आता देशात अनेकांच्या हाती आहे, आणि ओला कापूस कोठेही मिळतो.