रात्रीला काय केलंस?

बायका कुठल्याही विषयावर बोलोत, शेवटी गाडी "रात्रीला काय केलंस?" याच स्टेशनावर येऊन थांबते, अशी थट्टा पुरुषमंडळी पूर्वीपासून करत आली आहेत. आमच्या वाड्यातही करायची. तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यानंतर माझं मत जरा वेगळं झालं आहे. हा प्रश्न साधा आहे खरा, पण आपल्याकडच्या टंचाईच्या दिवसांचा अर्धा इतिहास त्याच्या उत्तरांत आहे आणि तो कुठेच लिहिलेला नाही.

पाठ्यपुस्तकात १९६५ची अन्नटंचाई दोन ओळींत संपते. १९७२च्या दुष्काळाला फार तर एक परिच्छेद मिळतो. किती टन धान्य कमी पडलं, किती आयात झालं, किती लोक दुष्काळी कामांवर गेले, हे सगळं त्यात असतं आणि ते असायलाच हवं. पण ते आयात धान्य संध्याकाळी कुणाच्या तरी परातीत पडलं, तेव्हा पुढे काय झालं? आम्ही मुलांना ते कधी शिकवलंच नाही, कारण अभ्यासक्रमात ते नव्हतं.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी पाककृतींची पुस्तकं आहेत की! आहेत, आणि चांगली आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. म्हणजे मराठीत स्वयंपाकाचं पुस्तक आधी लिहिलं ते एका पुरुषाने, गंमतच आहे! लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. कमलाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं होतं, पण त्यांनी वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती लिहिल्या आणि नवख्या मुलींची मोठी सोय केली. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींच्या संसारात ती तेलाच्या डागांसकट अजून टिकून आहे.

मात्र या सगळ्या पुस्तकांना एक गोष्ट गृहीत धरावी लागते, की एक वाटी पीठ म्हणजे एक वाटी चांगलं पीठ. ते पीठच धड नसेल तर काय करायचं, हे पुस्तकात कुठे शोधणार? ते शेजारणीलाच विचारावं लागतं.

आता थोडं मागे जाऊ या. १९६५ साली पावसाने दगा दिला. देशातलं धान्याचं उत्पादन आदल्या वर्षी ८.९ कोटी टनांच्या आसपास होतं, ते ७.२ कोटी टनांवर आलं. पुढच्या वर्षीही पाऊस धड झाला नाही. १९६६ या एका वर्षात एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणावं लागलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतून, 'पीएल ४८०' या कायद्याखाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये लोकांना आवाहन केलं, की दर सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, बार्शीत.

यातली मेख लक्षात येते का? आपल्याकडे सोमवार करणाऱ्या बायका दिवसभर उपास करतात आणि संध्याकाळी सोडतात. शास्त्रींचा सोमवार नेमका उलटा. मग आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली. देवाचा सोमवार दिवसा आणि शास्त्रींचा रात्री! काही जणी सकाळी अकराला एकदाच जेवायच्या, काही जणींनी देवाचा वार बदलून घेतला. शास्त्री ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला गेले. त्यानंतरही काही महिने आमच्या आळीत सोमवारी रात्री चूल पेटत नसे. कुणी सक्ती केली नव्हती. त्या साध्या माणसाचा शब्द लोकांनी पाळला, इतकंच.

रेशनवर गहू मिळायचा तो लाल. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले, मालदांडी ज्वारीची भाकरी खाणारे. सकाळी भाकरी, रात्री भाकरी. पोळी ही सणाची किंवा पाहुण्यांची. आता घरात ज्वारी कमी आणि गहू जास्त, अशी उलटी परिस्थिती आली. त्या गव्हाच्या पोळ्या वातड व्हायच्या आणि तेल तर मोजून वापरायचं. तेव्हा "रात्रीला काय केलंस?" याचं उत्तर घरोघर एकच झालं, चकोल्या. मूठभर तुरीची डाळ, भरपूर पाणी, चिंच-गुळाचा एवढासा खडा, आणि त्या उकळत्या आमटीत कणकेचे तुकडे. एकच भांडं, एकच जाळ, आणि आठ माणसांचं पोट भरतं. कुणी त्यांना वरणफळं म्हणतं. आज लोक हौसेने करतात, वर तुपाची धार सोडतात. त्या वेळी तूप नव्हतं आणि हौसही नव्हती.

मग आला १९७२. खरं तर पाऊस त्याआधीच दोन वर्षं ओढ देत होता, बहात्तर साली कंबरच मोडली. त्याच वर्षी मी शिक्षिका म्हणून नोकरीला लागले. रेशनवर 'मिलो' यायला लागली, अमेरिकेची तांबूस ज्वारी. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांसाठी पिकवतात, ही गोष्ट लोकांना कळायला वेळ लागला नाही आणि ती मनाला फार लागली. जिथल्या माणसाने आयुष्यभर ज्वारी पिकवली, त्यानेच परक्या मुलखातली जनावरांची ज्वारी रांगेत उभं राहून घ्यायची! त्याआधी 'हायब्रीड' ज्वारीला (ते वाण १९६४ सालचं) नावं ठेवणारी माणसं आता हायब्रीड मिळाली तरी खूश व्हायची.

मिलोचं दुखणं असं, की पिठाला विरी नसायची. ज्यांनी भाकरी केली आहे त्यांना विरी म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गव्हात जसा चिकटपणा असतो तसा ज्वारीत नसतो. ताज्या पिठाला पाण्याने जो थोडा जिगटपणा येतो, त्यावरच भाकरी थापली जाते. धान्य किंवा पीठ जुनं झालं की ती विरी जाते. मग काठ चिरतात, भाकरी उचलताना तुटते, तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन तुकडे होतात.

आणि इथे त्या प्रश्नात बदल झाला. सगळ्यांच्या घरी एकाच दुकानातली, एकाच पोत्यातली मिलो. त्यामुळे "काय केलंस?" याला अर्थच उरला नाही. काय केलं ते सगळ्यांना माहीतच असायचं. बायका विचारायला लागल्या, "कसं केलंस?"

गिरणीत, रेशनच्या रांगेत, टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांत हीच चर्चा. एक म्हणायची, पाण्याला आधण येऊ दे, त्यात पीठ टाकून झाकून ठेव, उकड काढ आणि मग मळ, भाकरी धरते. दुसरी म्हणायची, दळतानाच पसाभर गहू घाल. तिसरी सांगायची, भाकरीचा नादच सोड, हरभऱ्याचं पीठ असेल तर चिमूटभर ओवा घालून धपाटे लाव, ते फडक्यावर थापले की तुटत नाहीत. कुणी भरड काढून कण्या शिजवायची. हुलगे असतील त्या घरी माडगं व्हायचं. उकड काढल्यावर पीठ का धरतं, याचं कारण पुढे विज्ञानाच्या शिक्षकांनी मला सांगितलं, की गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुगतं आणि चिकट होतं. आमच्या शेजारच्या काकूंना अक्षरओळख नव्हती. पण त्यांचा प्रयोग आळीतल्या दहा घरांत दोन दिवसांत पोचला.

या प्रश्नाचा एक अलिखित नियमही होता. ज्या घरातून संध्याकाळी धूर दिसला नाही, तिथे विचारायचं नाही. वाटी घेऊन जायचं आणि म्हणायचं, "जरा चव बघा, मीठ जास्त झालंय का." रिकामी वाटी परत करू नये, हा आपला रिवाज. त्या वर्षी वाटीतून कधी चिंचेचं बोटूक यायचं, कधी चार मिठाचे खडे. पण वाटी रिकामी आली नाही.

मी शिकवत होते त्या गावातल्या निम्म्या मुलींच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. तिथे सुकडी मिळायची, गूळ-पिठाचं कोरडं खाणं. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, आई अर्धी सुकडी खाते आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधून आणते, ती आमची रात्र. 'ते आमचं रात्रीचं जेवण' असं तिला म्हणायचं असेल. शुद्धलेखन तपासताना तेवढं एक वाक्य मी तसंच ठेवलं.

त्या कामांमुळे फार मोठी मनुष्यहानी टळली, हे अभ्यासकांनी मान्य केलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. लोक त्यांना 'लाटणे मोर्चा' म्हणायचे. मला वाटतं, गिरणीतला तोच प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला होता. रात्रीला काय करायचं, ते आता तुम्हीच सांगा!

पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरातल्या दुकानांत ज्वारी ऐटीत मांडलेली दिसली. आनंद वाटला. पण ज्या बायकांनी विरी नसलेल्या पिठाची भाकरी उभी केली, त्यांतल्या बहुतेक आता नाहीत. ज्या आहेत त्या ऐंशी-नव्वदीत आहेत. टनांचे आकडे सरकारी दप्तरात राहतील, त्यांची काळजी नको. उकड काढायची युक्ती मात्र त्यांच्याबरोबर जाईल, आणि पदराच्या गाठीत बांधलेली सुकडीही.

म्हणून एक विनंती. घरात कुणी आजी, आत्या, मावशी असतील तर त्यांच्याजवळ बसा. बहात्तर साली काय खाल्लं, असं विचारू नका, "मिलोच खाल्ली, दुसरं काय" म्हणून त्या विषय संपवतील. कसं केलंत, ते विचारा. मग तासभर तरी उठू नका आणि जमलं तर वहीत लिहून ठेवा, गाव आणि सालासकट.

असो. आमच्याकडे आज रात्रीला चकोल्या आहेत, वर तूप घालून. तुमच्याकडे?