तोरणमाळ: रानपिंगळ्याच्या जंगलात फिरायला जाताय? आधी हे वाचा

नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ थंड हवेचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. पण हे गाव ज्या जंगलात वसलंय, ते पक्षी अभ्यासकांसाठी जगभर महत्त्वाचं आहे.

तोरणमाळ कुठे आहे?
सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात. समुद्रसपाटीपासून उंची अकराशे मीटरहून जास्त. शहाद्याहून घाटरस्त्याने सुमारे ५० किलोमीटर. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथ मंदिर ही इथली नेहमीची ठिकाणं. सीताखाईचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच यावं लागतं.

रानपिंगळ्याची गोष्ट काय आहे?
हे छोटं घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणालाच दिसलं नव्हतं. १९१४ सालची म्हणून एक नोंद सांगितली जायची, पण ती बनावट निघाली. जुना नमुना चोरून त्यावर नवी माहिती चिकटवली होती. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा प्रकार उघड केला आणि पुढे खरे नमुने जिथून गोळा झाले होते, तिथेच शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या चमूला रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी! नंतर तोरणमाळच्या जंगलातही तो सापडला.

तो ओळखायचा कसा?
घराजवळ दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं आणि छातीवर गडद तपकिरी रंग असतो. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, कीटक, उंदीर हे त्याचं खाणं.

पर्यटकांचा आणि त्याचा संबंध काय?
संबंध वेळेचा आहे. हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा त्याच्या विणीचा काळ. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटं करतो. नेमकी तेव्हाच पानगळ होऊन जंगल वाळलेलं असतं, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला मोठी गर्दी होते. एका शेकोटीतून वणवा पेटला, तर ढोली असलेलं जुनं झाड जळू शकतं. तशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात.

नियम काय सांगतात?
हे सरकारी राखीव वन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वोच्च संरक्षण आहे.

मग काय करायचं?
• शेकोटी पेटवू नका, जळती विडी-सिगारेट टाकू नका.
• मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो घरटं सोडून येतो.
• घरट्याचा फोटो टाकलात, तरी नेमकं ठिकाण टाकू नका.
• आत जायचं असेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या.

शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. हे जंगल रिकामं नाही. इथे पावरा आणि भिल्ल समाजाची गावं आहेत. मोहफुलं, चारोळी, तेंदूपानं यांवर अनेकांचं घर चालतं. वन हक्क कायदा, २००६ ने या वापराला हक्क म्हणून मान्यता दिली आहे. झाडाखाली पडलेली मोहफुलं कुणाची तरी कमाई असते. ती तुडवू नका.